व्हिडिओ लायब्ररीची उणीव कुणाला जाणवते का?

प्रश्न: १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ गल्लोगल्ली चित्रपटांच्या कॅसेटी भाड्याने देणाऱ्या व्हिडिओ लायब्ऱ्या निघाल्या आणि पुढे केबल व सीडीच्या रेट्यात त्या बंद पडल्या. आज घरबसल्या हवा तो चित्रपट दिसत असताना त्या दुकानांची उणीव आपल्याला का जाणवते?

उत्तर १: मला दुकानदाराची पारख आठवते. आमचे लायब्ररीवाले काका घरात आजी आहे की लहान मुले, हे लक्षात ठेवून कॅसेट सुचवत आणि ती रिवाइंड न करता परत आणल्यास स्पष्ट शब्दांत समज देत.

उत्तर २: अनेकांना व्हीसीआर, म्हणजे कॅसेट टीव्हीवर दाखवणारे यंत्रसुद्धा भाड्यानेच आणावे लागे, त्यामुळे भाडे वसूल व्हावे म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांसह रात्रभरात ओळीने तीन चित्रपट पाहिले जात. ती सोबत मला चित्रपटांहून मोलाची वाटते.

उत्तर ३: दोघांशीही सहमत आहे. मात्र जुन्या कॅसेटी जपणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, की आपल्या दमट हवेत टेपला बुरशी लागते आणि जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले आहे, तेव्हा निदान घरच्या लग्नामुंजींच्या कॅसेटी तरी लवकर डिजिटल करून घ्याव्यात.