मदत हवी आहे: ॲक्सेस पॉइंटवरचे डब्ल्यूएमएमचे आकडे बदलावेत का?

नमस्कार मंडळी,

घरी फायबर आहे, डाउनलोड १०० आणि अपलोड २० एमबीपीएस. मोडेम हॉलमध्ये, तिथून केबल टाकून पॅसेजमध्ये ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफाय देणारा डबा) बसवलाय. संध्याकाळी बायको ऑनलाइन जर्मन शिकवते आणि नेमका तेव्हाच चिरंजीवांचा फोन चार्जिंगला लागून व्हिडिओंचा बॅकअप सुरू होतो. मग हिचा आवाज मुलांना तुटक जातो. मुलांचं बोलणं मात्र हिला स्वच्छ ऐकू येतं.

सेटिंगमध्ये डब्ल्यूएमएमखाली (वायफायवर कुठल्या डेटाला आधी पाळी द्यायची ते ठरवणारी सोय) दोन तक्ते दिसतात, एक एपीचा आणि एक स्टेशनचा. दोन्हीत व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट (सर्वसाधारण डेटा) आणि बॅकग्राउंड अशा चार रांगा. स्टेशनच्या तक्त्यात व्हॉइसला एआयएफएसएन २, बेस्ट एफर्टला ३, बॅकग्राउंडला ७. आकडा लहान तितकी पाळी लवकर, एवढं कळलं. बेस्ट एफर्टचा ३ वाढवून ७ केला तर बॅकअप मागे पडेल का? आणि कुठल्या तक्त्यात करू? कस्टमर केअरवाला म्हणतो डब्ल्यूएमएम बंदच करा. मला काही ते पटेना.

प्रतिसाद १
बंद अजिबात करू नका! ८०२.११एन आणि त्यापुढचे वेग डब्ल्यूएमएमशिवाय मिळत नाहीत, बहुतेक उपकरणं थेट ५४ एमबीपीएसवर येतात.

एपीचा तक्ता ॲक्सेस पॉइंट स्वतः जे पाठवतो त्यासाठी. स्टेशनचे आकडे तो बीकनमधून (हवेत सतत सोडत असलेल्या सूचनेतून) सगळ्यांना कळवतो आणि फोन-लॅपटॉप ते पाळतात. वहिनींचा आवाज वर जाताना अडतोय, म्हणजे संबंध स्टेशनच्या तक्त्याशी. पण कोण कुठल्या रांगेत हे पॅकेटवरची डीएससीपी (प्राधान्य सांगणारी) खूण ठरवते. लॅपटॉप ती लावत नसेल तर आवाज आणि बॅकअप दोन्ही बेस्ट एफर्टमध्येच. तिथे ७ केलंत की दोघंही सारखेच मागे! आवाजासाठीची खूण ४६ लावली तरी कित्येक एपी तिचे पहिले तीनच बिट बघून पॅकेट व्हिडिओच्या रांगेत टाकतात. २०१८ च्या आरएफसी ८३२५ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) प्रमाणे ते व्हॉइसमध्ये जायला हवं. तुमच्या कामापुरती व्हिडिओची रांगही पुरेल म्हणा.

प्रतिसाद २
मला वायफायचा संशयच नाही. एकाच बाजूचा आवाज तुटतोय आणि अपलोड २०! बॅकअप चालू असताना लॅपटॉपवरून दोन पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी) लावा, एक एपीच्या पत्त्यावर, दुसरा बाहेर इंटरनेटवरच्या ८.८.८.८ वर. पहिला शांत आणि दुसरा चढला, तर रांग मोडेमच्या तोंडाशी लागतेय. तिथे डब्ल्यूएमएमचं काही चालत नाही, ते फक्त हवेतली पाळी ठरवतं.

धागाकर्ता
बघितलं. एपीला ४-५ मिलिसेकंद, बाहेर ३०० च्या वर! बॅकअप थांबवला की लगेच खाली. तक्ते होते तसेच ठेवलेत. मोडेममध्ये ही रांग आवरायची काही सोय दिसत नाही. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत प्रणाली) टाकलेला जुना राउटर पडून आहे, तो मध्ये घातला तर १०० चा वेग झेपेल का त्याला?

प्रतिसाद २
दोन्ही बाजूंना एसक्यूएम (ओपनडब्ल्यूआरटीमधली रांग आवरणारी सोय) लावलंत तर जुना प्रोसेसर धापा टाकेल. एसक्यूएममध्ये डाउनलोडच्या खान्यात ० भरा, म्हणजे त्या बाजूला ते हात लावत नाही. अपलोडला १८००० केबीपीएस भरा आणि केक ही रांग लावायची पद्धत निवडा. मोडेम आणि एपीच्या मध्येच बसवा आणि वायफाय एपीवरूनच चालू द्या. बॅकअप सुरू ठेवून पुन्हा पिंग बघा. अजून चढत असेल तर १८००० चे १७००० करा.