मदत हवी आहे : भाचीसाठी कॅमेऱ्याची बॅग

नमस्कार मंडळी. भाची फोटोग्राफी शिकतेय, पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस. कॅमेरा कॅननचा १५००डी, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. सध्या हे सगळं टॉवेलात गुंडाळून कॉलेजच्या सॅकमध्ये फिरतं, बघून माझाच जीव खालीवर होतो!

पाठीवरची घ्यावी की एका खांद्याची? संक्रांतीला आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत (सिद्धेश्वराची जत्रा) नंदीध्वजांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांचे, फोटो काढायचेत तिला. त्या गर्दीत पाठीवरची बॅग उघडणार कशी, आणि मागून कुणी बॅगेची चेन ओढली तर? पण सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटांमागे दिवसभर चालायचं तर एकाच खांद्यावर वजन नको. बाजूने उघडणारी सॅक मिळते म्हणतात, कुणी वापरलीय का? कॅमेरा खरंच पटकन निघतो?

आपल्याकडची धूळ तर माहितीच आहे, म्हणून चेन चांगली हवी. आतले कप्पे सरकवता यावेत, पावसाचं कव्हर असावं. ट्रायपॉड अजून नाही, पण घेणार म्हणतेय. बाहेर मोठ्ठं कंपनीचं नाव नको, चोराला आमंत्रणच ते.

बजेट अडीच हजार, फार तर तीन. नवी पेठेत हात लावून बघता येईल असं दुकान असेल तर सांगा. ऑनलाइन फोटोत सगळ्याच बॅगा छान दिसतात हो.