आई-बाबांना घेऊन गोझो: कुठे उतरावं?

सप्टेंबरअखेर माल्टाच्या गोझो बेटावर आठवडाभर जायचंय. धावपळ अजिबात नको. समुद्र, पुस्तक, दुपारची झोप, बस्स. बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी. कुठे राहू?

उत्तर:
श्लेंदीला राहा. खाडी चिमुकली, पण पाण्याच्या कडेने सपाट फरसबंदी आहे, बाबा आरामात फिरतील. पोहायला राम्ला किनारा गाठा, गोझोची राजधानी व्हिक्टोरियाहून बस मिळते. तिथली वाळू तांबूस, ओली झाली की थेट विटकरी दिसते! सान ब्लासचा किनाराही सुंदर, पण उतार फार खडा. बाबांना नेऊच नका.

उत्तर:
आईंसाठी गोझोची फ्तीरा: भट्टीतली जाडसर रोटी, वर बटाट्याचे पातळ काप. मासळी नको, असं आधीच सांगा. मेंढीच्या दुधाचं चीज असतं, त्यात रेनेट (दूध घट्ट करणारा, जनावराच्या जठरातून काढलेला पदार्थ) चालेल का तेही आईंना विचारा. गोझोला यायला माल्टाच्या मुख्य बेटावरच्या चिरकेव्वा बंदराहून मोठ्या फेरीबोटीने साधारण 25 मिनिटं लागतात, तिकीट परतताना काढायचं.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार! शेजारच्या कोमिनो बेटाचं ब्लू लगून करावं का?

उत्तर:
भर दुपारी तिथे प्रचंड गर्दी असते. तुम्हाला निवांतपणा हवाय ना? मग त्यापेक्षा गोझोच्याच किनाऱ्यावरच्या द्वेय्राला जा. तिथली अझूर विंडो ही खडकाची कमान 2017च्या वादळात कोसळली, पण समुद्र शांत असेल तर आतल्या छोट्या खाडीतून कड्यातल्या बोगद्यातून होडी बाहेर समुद्रात नेतात. बाबांना आवडेल.