इन्क्युबेटर: २२ दिवस झाले, एकही पिल्लू नाही! अंडं फोडून बघू का? (वाळपई, गोवा)

सत्तरीचो_बाब
तातडीने मदत हवी आहे. इन्क्युबेटरात २४ अंडी ठेवली होती. आज २२वा दिवस, एकही पिल्लू नाही. मशीन नवीन आहे, तापमान ३७.८ दाखवतंय, पाणी एक दिवसही संपू दिलेलं नाही. घरात सगळे हसायला लागलेत, आई म्हणते आमलेट करून टाक. एक फोडून बघू का? लवकर सांगा.

काजूबोंडू
फोडू नका! कोणती अंडी? कधी ठेवली? मशीनला पंखा आहे का? टॉर्च मारून बघितली का? यातलं काहीच न सांगता 'लवकर सांगा' म्हणे.

सत्तरीचो_बाब
अंडी गावठीच, दुसरी कसली असणार. १७ जूनला रात्री ठेवली. पंखा आहे. दहाव्या दिवशी मोबाइलच्या टॉर्चने बघितली, पाच कोरी होती (आत काहीच धरलेलं नाही), ती काढली. १९ राहिली. त्यांत तेव्हा लाल शिरा दिसत होत्या.

काजूबोंडू
मग २२ कुठले? ठेवल्याची रात्र मोजायची नसते. आज ८ जुलै, म्हणजे २१ दिवस आज रात्री भरतात. मधे वीज गेली होती का?

सत्तरीचो_बाब
वाळपईत राहतो, जुलै चालू आहे. हे विचारायला हवं का? तीन वेळा गेली. एकदा रात्री गेली ती पहाटेच आली. चादर घातली होती वरून.

पेडण्याची_मावशी
एवढा खटाटोप कशाला रे बाबा? एक खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी शेजाऱ्याकडून मागून आणायची, टोपलीत भात्याण (भाताचा पेंढा) घालून दहा-बारा अंडी खाली सरकवायची. तिला ना वीज लागते ना मीटर. दिवसातून एकदा दाणे टिपायला उठते, पंधरा-वीस मिनिटांत परत येऊन बसते. आणि टोपलीत लोखंडाचा एक खिळा नि कोळसा ठेवायचा, विजा कडाडल्या की अंडी नासतात असं जुनी माणसं म्हणतात. तुझ्या मशीनमध्ये ठेवला होतास का?

फोंडा_एक्स्प्रेस
मावशी, मशीनमध्ये स्क्रू आहेत की चांगले आठ-दहा, लोखंडाचेच.

पेडण्याची_मावशी
हसा. माझ्या सासूची सगळी अंडी फुटायची, तुमची किती फुटली ते सांगा.

डिचोलीवाला
गावठीच्या नादाला लागू नका. ब्रॉयलरची एक दिवसाची पिल्लं आणा, चाळिसेक दिवसांत विकायला तयार. शेडचा खर्च मी सांगू शकतो.

काजूबोंडू
त्यांनी ते विचारलेलं नाही. सत्तरीचे बाब, अंडी फिरवणं कधी बंद केलं?

सत्तरीचो_बाब
बंद का करायचं? ट्रे आपोआप फिरतो, दर दोन तासांनी.

काजूबोंडू
अहो आत्ताच्या आत्ता बंद करा! १८व्या दिवसापासून अंडी स्वस्थ पडू द्यायची असतात. पिल्लू चोच हवेच्या पोकळीकडे करून बसतं, त्याला तुम्ही दर दोन तासांनी कलंडवताय. ट्रे काढा, खाली जाळीवर अंडी आडवी ठेवा, झाकण लावा आणि बाहेर जा.

म्हापशेकार
झाकणाचा बाऊ नको. कोमट पाण्यात एकेक अंडं सोड. जिवंत असेल ते पाण्यात हलतं. दोन मिनिटांत निकाल. मी दरवेळी करतो.

काजूबोंडू
आणि त्यातल्या एखाद्याला बारीकशी चीर गेली असेल तर? पिल्लू आतल्या आत बुडेल. असले प्रयोग दुसऱ्याच्या अंड्यांवर सांगू नका.

म्हापशेकार
चीर गेलेलं कोण सोडतं पाण्यात? डोळे असतात माणसाला. आठ वर्षं करतोय.

नदीपल्याड
मला वेगळीच शंका आहे. 'पाणी संपू दिलं नाही' म्हणता, म्हणजे पहिल्या दिवसापासून दोन्ही खाचा भरलेल्या? आर्द्रता किती दाखवत होतं?

सत्तरीचो_बाब
७८ ते ८२. सोबतच्या कागदावर पाणी भरा असंच होतं.

नदीपल्याड
इथेच गोची. पावसाळ्यात आपली हवा आधीच भिजलेली. २७ डिग्रीला ९० टक्के ओली असलेली हवा मशीनमध्ये ३७-३८ पर्यंत तापली की ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. पहिले १८ दिवस हवी असते ती एवढीच. म्हणजे जून-जुलैत एक थेंबही घालायची गरज नव्हती. पाणी शेवटच्या तीन दिवसांत, ६५-७० साठी. अठरा दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटायला हवं, तरच वरची पोकळी मोठी होते. तुमच्याकडे ती बारीकच राहिली असणार. पिल्लू फुगलेलं, चोच घालायला जागा नाही. शिवाय वीज गेली तेवढा उशीरही होणारच. तापमानाचा आकडाही ताप बघायच्या थर्मामीटरशी ताडून बघा, एक डिग्री कमी असेल तर दिवस-दीड दिवस मागे पडतं. आर्द्रतेचा मीटर तपासायचा तर बुचात मीठ घ्या, ते ओलं होईल एवढंच पाणी घाला, मीटरसोबत घट्ट डब्यात सात-आठ तास ठेवा. ७५ दाखवला तर मीटर खरा.

फोंडा_एक्स्प्रेस
कोंबडे जास्त निघाले तर एखादा इकडे द्या. गावठी कोंबड्याची शागोती (आपला मसालेदार रस्सा) खाऊन वर्ष झालं. बाजारात भाव विचारायचीही भीती वाटते.

पेडण्याची_मावशी
आधी गावच्या राखणदार देवाचा काढून ठेव रे बाब, मग यांना दे.

सत्तरीचो_बाब
रात्री पावणेबारा. ट्रे काढला. एका अंड्यावर साखरेच्या दाण्याएवढा टवका उडालाय, कानाशी धरलं तर आतून टिक टिक येतंय! चार तास झाले, पुढे काहीच नाही. पिनेने थोडं उकलू का?

काजूबोंडू
कानाशी धरलंत म्हणजे पुन्हा उघडलंत. उकलू नका. टवक्यापासून बाहेर यायला अख्खा दिवस लागू शकतो. पोटातला बलक आत ओढून व्हायचा असतो, कवचाखाली रक्त खेळत असतं. झोपा.

म्हापशेकार
या बाबतीत यांच्याशी सहमत. या एकाच बाबतीत.

सत्तरीचो_बाब
१० जुलै, संध्याकाळ. नऊ पिल्लं! पहिलं काल सकाळी, शेवटचं आज दुपारी. आई आता मशीनसमोरून हलत नाही. बाकीची न फुटलेली टॉर्चने बघितली, सातांत काही हलत नाही. एक फोडलं: पिल्लू पूर्ण भरलेलं, पण चिकट पाण्यात. नदीपल्याड म्हणाले तसंच. पिल्लांना लगेच खायला घालायचं का? आणि ती तीन बदकाची आहेत, ती अजून तशीच, ती पण गेली समजायची का?

काजूबोंडू
बदकाची???

सत्तरीचो_बाब
हो, सांगितलं नव्हतं का? शेजारणीने दिली होती, जागा होती म्हणून ठेवली.

नदीपल्याड
बदकाला २८ दिवस लागतात. त्यांना अजून पाच दिवस आहेत, १२ तारखेपर्यंत हाताने फिरवत राहा. म्हणजे तुमचा ट्रे तेवढ्या तिघांसाठी बरोबरच चालला होता. पिल्लं सुकली की बल्बखाली हलवा. पोटात बलक असतो, एक-दोन दिवस उपाशी चालतात. आधी पाणी, उथळ बशीत, खडे टाकून. मग बारीक कण्या.

पेडण्याची_मावशी
तीन अंडी माझ्याकडे पाठव. कोंबडी कालच खुडूक झालीय.