सातवीतल्या मुलीसाठी अलंकार व काव्यप्रकारांचे पुस्तक सुचवावे (150 रुपयांपर्यंत)

सातवीची_आई: मुलीचा उपमा आणि उत्प्रेक्षा यांत नेहमी गोंधळ होतो. ओवी व अभंग यांतला फरकही समजावणारे एखादे पुस्तक कृपया सुचवावे.

दोन_मुलांचा_बाबा: आम्ही 900 रुपयांचा रंगीत संच घेतला आणि तो उत्तमच आहे. मुलाने चित्रे रंगवून टाकली, ही गोष्ट वेगळी.

निवृत्त_शिक्षक: प्रारंभ वृत्तांपासूनच करावा. गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे लघू-गुरू (ऱ्हस्व-दीर्घ) गट, लक्षात ठेवण्याचे ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र एकदा पाठ झाले की मनाच्या श्लोकांतील भुजंगप्रयात हे वृत्त, म्हणजे चार य-गण आणि 12 अक्षरे, मूल स्वतः ओळखते. माझे विद्यार्थी पाचवीतच ओळखत असत.

अक्षरमोजणी: गुरुजी, तिला गण नकोत, अभंग हवा आहे. ‘सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया’ ही तुकोबांची ओळ बोटांवर मोजायला सांगावी. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते, हाच मोठा अभंग. ओवीत शेवटचा चरण आखूड असतो, पण अक्षरांचे असे काटेकोर बंधन नसते.

शंकेखोर: ‘ध्यान’मध्ये ‘ध्या’ हे जोडाक्षर असताना अक्षरे सहाच कशी?

निवृत्त_शिक्षक: जोडाक्षर एकच मोजतात. त्यामुळे आघात आल्यास आधीचे लघू अक्षर गुरू होते, परंतु तो विषय गणांचा आहे आणि गण तर इथे कोणाला नको आहेत.

फसलेला_ग्राहक: कोणतेही गाइड घेऊ नका. आमच्या 120 रुपयांच्या गाइडात ‘मुख चंद्रासारखे’ हे रूपकाचे उदाहरण म्हणून छापले आहे. ‘चंद्रासारखे’ म्हटले की उपमा, ‘जणू चंद्रच’ म्हटले की उत्प्रेक्षा, आणि ‘मुखचंद्र’ असे दोन्ही एकरूप मानले की रूपक, इतके साधे त्यांना जमले नाही.

पुणेकर_आजी: रंगीत संच चांगला असतो, असे वर कोणीतरी म्हटलेच आहे. नातवाला आम्ही तोच दिला.

सातवीची_आई: सर्वांचे आभार. तेच 120 रुपयांचे गाइड आणले आहे. त्यात चुका असल्याचे मुलीला आधीच सांगितल्यामुळे ती पेन्सिल घेऊन त्या शोधत बसली असून, ‘चंद्रासारखे’ तिला सापडले आहे. यमकाच्या पानावरही तिने एक फुली मारली आहे, पण तिथे बहुधा गाइडच बरोबर आहे.