टी पेशी एकट्या असल्या की गप्प का बसतात?

पेट्रीडिश:
प्लेटला अँटी-सीडी३ (टी पेशीचा रिसेप्टर चेतवणारं प्रतिपिंड) लावून वर शुद्ध केलेल्या टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) सोडल्या, तर आयएल-२ (चेतलेल्या टी पेशी सोडतात ते वाढीचं प्रथिन) जेमतेम मिळतं. डेंड्रायटिक पेशी (टी पेशींना जंतूंचे तुकडे दाखवणाऱ्या) मिसळल्या की धो धो! रिसेप्टर दोन्हीकडे चिकटतोच ना? मग घोडं अडतं कुठे?

जुना_लॅबवाला:
सीडी२८पाशी, हे टी पेशीवरचं आणखी एक प्रथिन. रिसेप्टरचा संदेश पहिला. दुसरा डेंड्रायटिक पेशीवरच्या सीडी८० आणि सीडी८६ या प्रथिनांकडून सीडी२८ला मिळतो. तो नसेल तर पेशी नुसती गप्प बसत नाही, नंतर सगळं जुळून आलं तरी ढिम्म हलत नाही. याला ॲनर्जी म्हणतात. अँटी-सीडी२८ (सीडी२८ चेतवणारं प्रतिपिंड) टाकून बघ, डेंड्रायटिक पेशींवाचूनही काम भागेल.

पेट्रीडिश:
भागलं! पण प्लेटच्या डेंड्रायटिकवाल्या वेलमध्ये (खळग्यात) नियामक टी पेशी (इतर टी पेशींना आवरणाऱ्या) घातल्या की आयएल-२ परत उतरतं.

जुना_लॅबवाला:
उतरणारच. त्यांच्यावरचा सीटीएलए-४ हा ब्रेकचं काम करणारा रिसेप्टर सीडी२८ पेक्षा घट्ट धरतो आणि समोरच्या पेशीवरचे सीडी८०, सीडी८६ अक्षरशः ओरबाडून आत ओढतो. (हाच ब्रेक सोडवण्याच्या कामाबद्दल जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल.) शिवाय नियामक पेशी आयएल-२ स्वतःच गट्ट करतात, हावरट मेल्या. तेव्हा नुसत्या आयएल-२ च्या आकड्यावर जाऊ नकोस. टी पेशींना सीएफएसई (दर विभाजनाला निम्मा होणारा रंग) लावून विभाजन मोज.