वजने उचलूनही 'कट्स' का दिसत नाहीत?

कोथरूडकर:
माझे वय ३४ वर्षे, उंची पाच फूट आठ इंच आणि वजन ७४ किलो आहे. गेली दोन वर्षे मी आठवड्यातून पाच दिवस जिमला जातो. दंड आणि छाती भरली आहे, शर्ट खांद्यांत घट्ट होऊ लागले आहेत. परंतु ज्याला आमच्या जिममध्ये 'कट्स' म्हणतात, त्या स्नायूंच्या ठळक रेषा कोठेच दिसत नाहीत आणि बेंबीभोवतीचा थर तर जसाच्या तसा आहे. प्रशिक्षकांनी वजने निम्मी करून प्रत्येक सेटमध्ये (न थांबता केलेल्या एका फेरीत) २५ रेप्स, म्हणजे २५ वेळा उचल, आणि रोज ३०० क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलण्याचा पोटाचा व्यायाम) करायला सांगितले. तीन महिने ते निष्ठेने केले. पोट जागचे हलले नाही, उलट बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून छातीवरून वजन ढकलणे) ७० किलोवरून ६० वर आला. मी अंडी खातो, मांस-मासे खात नाही. जेवण घरचेच असते, बाहेरचे म्हणाल तर रविवारची एक मिसळ. माझे कोठे चुकते आहे?

टेकडीवाला:
आपल्याला मिळालेला सल्ला जिमोजिमी दिला जातो आणि तो चुकीचा आहे. क्रंचेसने पोटाचा स्नायू बळकट होतो, पण त्याच्यावरची चरबी तेवढ्याने उतरत नाही; ती शरीर कोठून आधी काढणार हे आपल्या हातात नसते आणि पुरुषांच्या बाबतीत बेंबीचा भाग बहुधा शेवटी मोकळा होतो. दुसरे असे की, खाणे कमी केल्यावर शरीराने स्नायू राखावा असे वाटत असेल तर त्याची गरज रोज पटवून द्यावी लागते, आणि ती जड वजनच पटवते. म्हणून पुन्हा ६ ते १२ रेप्सवर या, प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम द्या आणि बेंच पूर्वीच्या ७० किलोकडे हळूहळू न्या. खाण्यात रोज ३०० ते ५०० कॅलरींची तूट ठेवा. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरले तर उत्तम. घाई केल्यास चरबीबरोबर स्नायूही जातो. वजन रोज सकाळी करून आठवड्याची सरासरी काढा, कारण एका खारट जेवणानेही काटा दुसऱ्या दिवशी वर जातो. जोडीला आठवड्यातून तीन दिवस वेताळ टेकडी चढा. पळत चढण्याची गरज नाही.

फोडणी:
टेकडीवाल्यांनी व्यायामाचे सांगितले, मी स्वयंपाकघराचे सांगते. 'घरचे जेवण' हे उत्तर नव्हे. पळीने घातलेले तेल कोणी मोजत नाही, आणि मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. शेंगदाण्याच्या कुटाला लोक प्रथिन समजतात. १०० ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रथिन खरे, पण जवळपास ५० ग्रॅम स्निग्धांशही असतो. तुमच्या वजनाला किलोमागे १.६ ग्रॅमप्रमाणे रोज सुमारे १२० ग्रॅम प्रथिन हवे आणि ते वरण-भातावर होत नाही. तीन अंड्यांचे १८, ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांचे २६, १०० ग्रॅम पनीरचे १८, मटकीची उसळ आणि घट्ट वरण मिळून २५ ते ३०, शिवाय व्हेचा (दुधाच्या निवळीपासून केलेल्या प्रथिन पावडरीचा) एक स्कूप २४, असे जुळवा. उरलेले पोळ्या भरून काढतील. उपासाला साबुदाण्याची खिचडी खाणार असाल तर त्या दिवशी प्रथिनाचा हिशेब विसराच.

जुना पैलवान:
एवढेच जोडतो की, क्रिएटिन ही ताकदीसाठी घेतली जाणारी पूरक पावडर घेत असाल, तर तिने 'पाणी धरते' म्हणून ती बंद करू नये. ते पाणी मुख्यतः स्नायूच्या आत असते. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरते, मात्र मूत्रपिंडाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. चरबी जाळणाऱ्या गोळ्या आणि जिमच्या कपाटातून निघणारी इंजेक्शने यांच्या वाटेला जाऊ नका. फोटोसाठी पाणी पिणे तोडण्याचे खूळ शरीरसौष्ठव स्पर्धकांनाही महागात पडले आहे.

कोथरूडकर:
आपणा सर्वांचे आभार. आज आईने भाज्यांत घालण्यापूर्वी कुटाची वाटी माझ्याकडे दिली आणि मी ती काट्यावर ठेवली. माझ्या वाट्याचे दिवसाचे कूट ४५ ग्रॅम आणि तेल दोन मोठे चमचे भरले, म्हणजे ५०० कॅलरी केवळ एवढ्यातच. आईचे म्हणणे असे की कुटाशिवाय भाजी म्हणजे औषध. त्यामुळे तूर्त निम्म्यावर तह झाला आहे. सोयाबीन वड्यांचा विषय अजून काढलेला नाही.